निबंधातली ताई

परीक्षा मंडळाचं पत्र सरांनी तीनदा वाचलं आणि मग ते विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. चौदा वर्षांत त्या बाकावर ते कधी बसले नव्हते. पत्राचा मजकूर असा की, शालान्त परीक्षेच्या इंग्रजीच्या पेपरात आपल्या शिकवणीच्या अकरा विद्यार्थ्यांनी शब्दशः एकच निबंध लिहिला आहे, हा सामूहिक कॉपीचा प्रकार दिसतो, सबब अकराही निकाल राखून ठेवले आहेत. खुलाशासाठी तीन आठवड्यांनी, सोमवारी, विद्यार्थ्यांसह हजर राहावं. निबंधाचं आपल्या भाषेतलं भाषांतर टाइप करून आणावं.

उभ्या हयातीत सरांनी कुणाला कॉपी करू दिली नव्हती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत ही शिकवणी काढली, ती फक्त इंग्रजीत अडकलेल्यांसाठी. बाकी सगळे विषय सुटलेले आणि इंग्रजीपाशी गाडी रुतलेली, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. शाळेने मोडीत काढलेले चार बाक त्यांनी आणले होते. त्यांवर कोवळी पोरं बसत, तसा गॅरेजवाला बसे, दोन मुलांचा बाप बसे, आणि यंदा एका इस्पितळातली आया बसत होती. तिचं वय बेचाळीस, परीक्षेची खेप पाचवी. महिनाअखेर प्रमाणपत्र दिलं तर ती नोकरीत कायम होणार होती, नाहीतर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. म्हणजे कॉपीच्या या भानगडीत सर्वात जास्त ती भरडली जात होती.

सरांची पद्धत जगावेगळी होती. एकच निबंध, तोही तोंडपाठ. वहीत लिहून घ्यायचा नाही, कारण वहीत गेलेलं डोक्यात राहत नाही, असा त्यांचा अनुभव. रोज शिकवणी सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा. विषय कुठलाही येवो, तिसऱ्या वाक्यात निबंध सरांच्या थोरल्या बहिणीवर आला पाहिजे. 'वाचनाचे महत्त्व' आलं तर वाचन महत्त्वाचं आहे, माझ्या बहिणीला फारसं वाचता आलं नाही, कारण तिने माझ्यासाठी शाळा सोडली. 'माझा आवडता प्राणी' आलं तर मला मांजर आवडतं, माझ्या थोरल्या बहिणीलाही मांजर आवडायचं. त्यानंतर मांजराला कुणी विचारायचं नाही.

पुढची हकिकत मात्र खरी होती. सरांच्या स्वतःच्या शालान्त परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या बुटाचा तळ निघाला होता. बूट नसेल तर परीक्षेला बसू देत नसत. ताई तेव्हा बटणांच्या कारखान्यात जायची. तिने पहिल्या पगारातून स्वतःसाठी बकलांचे बूट घेतले होते. पोरं हसतील म्हणून तिने ब्लेडने दोन्ही बकलं कापली आणि ते बूट भावाच्या पायात घातले. स्वतः अनवाणी कारखान्यात गेली. सर पास झाले, शिकले, मास्तर झाले. एवढ्यावर निबंध संपत होता. पण परीक्षकाचं मन हेलावल्याशिवाय मार्क सुटत नाहीत, हे सरांना पेपर तपासून तपासून माहीत होतं. म्हणून शेवटच्या वाक्यात त्यांनी ताईला मारलं. वाक्य सोपं होतं, कुणाचंही चुकत नसे: "माय सिस्टर इज नो मोअर."

इतकी वर्षं पेपर निरनिराळ्या परीक्षकांकडे जात, आणि प्रत्येक परीक्षक आपापल्या वाट्याच्या एका मृत्यूने हळहळून मार्क देत असे. यंदा मंडळाने नवा नियम काढला आणि एका केंद्राचा गठ्ठा एकाच परीक्षकाकडे गेला. त्या बिचाऱ्याने एका दुपारी अकरा वेळा तीच बहीण जाताना पाहिली.

निबंधातली ही ताई प्रत्यक्षात आतल्या खोलीत भाजी निवडत बसलेली असे. वय शहात्तर, दात शाबूत, आवाज खणखणीत. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आपल्याला दिवसातून दोनदा मरण येतं हे तिला कळणं शक्य नाही, असं सर धरून चालले होते. पत्र आल्यावरही त्यांनी तिला फक्त सरकारी काम आहे इतकंच सांगितलं, आणि भाषांतर गुपचूप कोपऱ्यावरच्या टायपिस्टकडे दिलं.

टायपिस्ट हळव्या मनाचा निघाला. टाइप करता करता त्याचे डोळे भरून आले. कागद घेऊन जायला सर येईपर्यंत त्याला धीर धरवेना, म्हणून तो समाचाराला स्वतःच घरी आला. दार ताईने उघडलं.

"सर आहेत का? फार वाईट वाटलं," टायपिस्ट हळू आवाजात म्हणाला. "त्यांची थोरली बहीण गेल्याचं आत्ताच वाचलं."

"या, बसा," ताई म्हणाली. तिने त्याला पाणी दिलं. "कधी गेली?"

"निबंधात तारीख नाही. तुम्ही कोण त्यांच्या?"

"थोरली बहीण."

टायपिस्टने पाण्याचा पेला खाली ठेवला. त्याच वेळी सर बाजारातून आले. टायपिस्टने कागद त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी घाईघाईत ताईच्याच हातात दिले आणि मजुरी न घेता निघून गेला. ताईने चष्मा लावला, खिडकीपाशी बसून ते दोन कागद सावकाश वाचले, घडी करून सरांपुढे ठेवले आणि आत गेली.

मग अबोला सुरू झाला. ताट वेळेवर येत होतं, चहा वेळेवर येत होता, पण शब्द येत नव्हता. सरांनी दोनदा विषय काढून पाहिला. ते फक्त मार्कांसाठी होतं, असं ते सांगायला लागले की ताई नळ सोडायची. जिवंत बहिणीला चौदा वर्षं मारत आलो, हे कुठल्या तोंडाने सावरावं, हे सरांना सुचेना. सोमवारी सकाळी ते पायात चपला घालत होते, तेव्हा ताई पातळ बदलून दारात उभी होती. "मी येते," एवढंच ती म्हणाली. नको म्हणायची सरांची छाती झाली नाही.

मंडळाच्या कचेरीत चौकशी अधिकाऱ्याने अकराही जणांना लांब लांब बसवलं आणि निबंध पुन्हा लिहायला लावला. तासाभराने त्याने कागद जुळवून पाहिले. स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. सरांना जरा अभिमान वाटला, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसलाही असावा.

"यात खूश होण्यासारखं काही नाही," अधिकारी म्हणाला. "पत्राला तीन आठवडे झाले. एवढ्यात कुणीही पाठ करील. पाठांतराला मनाई नाही, कॉपीला आहे. परीक्षेच्या आधीपासून यांना हे पाठ होतं, याला पुरावा काय? वह्या दाखवा."

वह्या नव्हत्या. वहीत लिहायचं नाही, हीच तर पद्धत. सरांनी ती समजावून सांगितली, आणि जसजसं सांगत गेले तसतशी ती त्यांची त्यांनाच बनावट वाटू लागली. अधिकाऱ्याने शेऱ्यासाठी लेखणी उचलली. आयाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिच्या इस्पितळातला महिना संपायला चारच दिवस उरले होते.

"मी म्हणून दाखवू का?" मागून ताई म्हणाली.

अधिकाऱ्याने मान वर केली. "आजी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"इंग्रजी नाही येत. निबंध येतो."

आणि खुर्चीला टेकून उभी राहून ताईने निबंध सुरू केला. सर तोंडाकडे बघत राहिले. उच्चार त्यांचेच होते, वाक्याच्या शेवटी जरा थांबायची लकबही त्यांचीच. अधिकारी ओळीमागून ओळ पेन्सिल फिरवत होता. अर्ध्यावर त्याने हात वर केला. कारखान्याच्या भोंग्याचं हे वाक्य एकाही कागदात नाही, असं तो म्हणाला.

"पूर्वी होतं. आतल्या खोलीतून चौदा वर्षं ऐकतेय मी," ताई म्हणाली. "सायरन हा शब्द पोरांना लिहिता येईना म्हणून पाच वर्षांपूर्वी याने काढून टाकलं. मला तेच आवडायचं, म्हणून मी म्हणते."

अधिकाऱ्याने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. ते वाक्य त्यांचं तेच विसरले होते. पेन्सिल पुन्हा चालू लागली. बकलं कापून झाली, भाऊ पास झाला, आणि ताई थांबली.

"एक वाक्य राहिलं," अधिकारी म्हणाला.

"तेवढं राहू द्या, साहेब," सर घाईने म्हणाले.

"पडताळणी अर्धी ठेवता येत नाही."

ताईने आयाकडे पाहिलं. मग सरळ उभी राहिली आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या वाक्यांपेक्षा स्वच्छ म्हणाली, "माय सिस्टर इज नो मोअर."

अधिकाऱ्याने खूण केली, जबाबाचा कोरा कागद ओढला आणि साक्षीदाराचं नाव-गाव लिहून घेतलं. "निबंधातल्या मयत बाईंशी नातं?"

"तीच मी."

अधिकाऱ्याने लेखणीचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. शेवटी नात्याच्या रकान्यात त्याने 'निकटचे' असं लिहिलं आणि निकाल सोडायच्या आदेशावर सही केली. आया सबंध जिना ताईचा हात धरून उतरली. खाली आल्यावरही तिला तो सोडवेना.

घरी जाताना रस्त्याने दोघंच होती. सरांना राहवलं नाही. ते म्हणाले, "ताई, चुकलो मी. तुला असं मारायला नको होतं."

"त्याचं काय एवढं? ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. शेजारच्या नर्सबाईंना विचारलं मी, नो मोअर म्हणजे काय. म्हटलं, माझ्या मरण्याने पोरं पास होत असतील तर मरू की."

"मग आता इतके दिवस अबोला कशाला धरलास?"

ताई चालायची थांबली. "त्या कागदात लिहिलंय, तिने हसत हसत बकलं कापली. ते मला माहीत नव्हतं. रोज ऐकायची, पण ते कळलं नव्हतं." तिचा खणखणीत आवाज खाली आला होता. "हसत नव्हते रे मी. मोरीत बसून कापली, आणि फार रडले. नवे बूट होते माझे. दोनदाच घातले होते."

साठाच्या आसपास वर्षं सरांनी त्या सकाळची ताई हसरीच पाहिली होती. मोरीचं दार तेव्हा लावलेलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. ते रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले. ताईनेच त्यांच्या दंडाला धरून त्यांना चालतं केलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "उद्यापासून बदलतो. रडली, असं सांगतो."

"सांग. आणि शेवटी मारू नकोस. आज त्या वाक्यापाशी पोचल्यावर कळलं, ते तोंडाने म्हणणं सोपं नाही."

दहा पावलं गेली; पण सरांच्या अंगातला मास्तर गप्प बसेना. "ताई, ती रडली आणि वर जिवंतही राहिली, तर निबंधाचे दोन मार्क जातील."

"जाऊ देत," ताई म्हणाली. "दोन मार्कांपुरता तरी अभ्यास करू दे त्यांना."