बोरी ते जिंतूर, न बोलता

मराठवाडा मुक्त झाल्याला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा उत्सव समितीने एक ठराव केला. रझाकारांच्या धास्तीने बोरीहून जिंतूरला निघून गेलेल्या एका कुटुंबाचा प्रवास, जसा झाला तसा, पुन्हा घडवून आणायचा. निवड दत्तरावांच्या कुटुंबाची झाली. दत्तराव हयात नव्हते. मागे पत्नी कडूबाई आणि लिंबाजी व किशनराव हे मुलगे. बांधावरच्या एका बाभळीवरून हे दोघे भाऊ नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

कडूबाईने लगेच होकार दिला. एका बैलगाडीत बसली तर पोरे बोलतील, एवढीच तिची आशा होती.

मूळ प्रवास अमावास्येच्या रात्री झाला होता. पाहुण्यांच्या सोयीसाठी ती अमावास्या सकाळी नऊला ठरली आणि गाडीला पेटता कंदील बांधला. सायकलवरून मागे येणाऱ्या समितीच्या निरीक्षक बन्सीधरांनी परिपत्रकातला नियम वाचला, "त्या रात्री जिवाच्या भीतीने कोणीही अवाक्षर काढले नव्हते. सबब, बोलण्यास सक्त मनाई आहे."

कडूबाईचा चेहरा पडला. "नऊ वर्सं गप्पच हाएत की हे!"

"मग तालमीची गरज नाही," बन्सीधरांनी समाधानाने लिहून घेतले.

मनाई झाल्यावर मात्र दोघांची जीभ वळवळू लागली. कोसभर गेल्यावर लिंबाजी कुजबुजला, "किशन्या, जू एका अंगानं ओढायलंय."

"मी कव्हाचा बघायलोय, दादा. पर आधी म्या का बोलू?"

कडूबाईने पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात शिट्टी वाजली. इतिहास बिघडला होता. गाडी बोरीला परत नेऊन प्रवास पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्या खेपेला भाऊ बाभळीवरून भांडले. तिसऱ्या खेपेला दोघे मिळून बन्सीधरांशी.

"आमचा बाप त्या राती बोलला व्हता!"

"नोंद नाही."

"मी व्हते की गाडीत," कडूबाई म्हणाली.

"तुमचे म्हणणे तोंडी आहे."

अखेर बन्सीधरांनी तोडगा काढला : दोन भाऊ, दोन गाड्या, मध्ये पन्नास हातांचे अंतर. आईने कोणत्या गाडीत बसावे, याची परिपत्रकात तरतूद नव्हती. एकीत बसावे तर दुसरा रुसेल, म्हणून ती दोन्हींच्या मधून चालत निघाली. भाऊ वळून बघत, शिट्टी वाजे.

जिंतूरला कमान होती, मांडव होता. बिनआवाज आलेल्या गाड्यांना टाळ्या पडल्या. अध्यक्ष कुटुंबाच्या एकीवर बोलू लागले. स्वयंसेवकांनी पायी आलेल्या म्हातारीला दोरीमागे सारले, तशा दोन्ही गाड्यांतून उड्या पडल्या.

"माय, चल, आज माझ्याकडं जेव!"

"तुझ्याकडं? तुझ्या घरची भाकर बैलबी हुंगून सोडतो, दादा!"

"अन् तुझ्या घरचं वरण? त्यात डाळ हुडकावी लागती!"

कडूबाई दोघांच्या मध्ये उभी राहून डोळे पुसत हसत होती.

अध्यक्षांना एकीवरचे वाक्य दोनदा थांबवावे लागले. मग सगळ्या मांडवातून आवाज उठला, "श्श!" भाऊ ओशाळून गप्प झाले.

कार्यक्रम शिस्तीत पार पडल्याची नोंद अहवालात आहे. पहिला "श्श" कोणाचा, ते त्यात नाही. माझा नसावा, असे मला वाटते. मांडवात तुम्ही माझ्याच रांगेत होतात.