माल्टाला शेजारी नाहीत

प्राध्यापक वेन्झू प्साइला यांचा ग्रंथ अजून पुरा व्हायचा होता. निष्कर्ष मात्र केव्हाच तयार होता आणि कोणी न विचारताही ते तो सांगत. युरोव्हिजनच्या गाण्याच्या स्पर्धेत मत गाण्याला पडत नाही, शेजाऱ्याला पडते. सायप्रस आपले सर्वाधिक बारा गुण ग्रीसला देतो, ग्रीस सायप्रसला देतो, आणि दोघेही दरवर्षी कृतज्ञतेने भारावून जातात. माल्टाच्या चहूबाजूंना समुद्र. माशांना मताधिकार नाही. सबब माल्टा जिंकणार नाही.

ग्रंथ रखडला होता तो समोरच्या गच्चीमुळे. ती गच्ची संत कॅथरीनचा उत्सव करणाऱ्या बँड मंडळाची, आणि मंडळाचे अध्यक्ष सालवू टोन्ना, गोदीतले निवृत्त मुकादम. उत्सवाच्या दिवसांत सकाळपासून त्या गच्चीवरून असे फटाके उडत की प्राध्यापकांच्या हातून वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडे. तक्रार करणे निरर्थक होते, कारण प्साइला घराणे पिढ्यान्‌पिढ्या प्रतिस्पर्धी संत योसेफ मंडळाचे. योसेफवाले निळे, कॅथरीनवाले तांबडे. प्राध्यापक या रंगबाजीच्या पलीकडे गेले होते. त्यांच्याकडे निळे मोजे बरेच होते, हा योगायोग.

त्या वर्षी माल्टातर्फे गायला सालवूंची नात ग्रात्सिएला निवडली गेली, आणि सालवू चीज भरलेल्या गरम, खुसखुशीत पास्तिझ्झींचा पुडा घेऊन प्राध्यापकांच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, शेजारी नाहीत म्हणता, मग ऑस्ट्रेलिया कोण?"

ऑस्ट्रेलिया या स्पर्धेत कसा, हे माल्टात कोणी विचारत नाही. तिथे प्रत्येकाचा एक तरी मामा आहे. या गावाचे तर निम्मे लोक मेलबर्नला, आणि जाताना दोन्ही मंडळे सोबत घेऊन गेलेले.

"आमचे तांबडे मत देतील. पण निळे जास्त आहेत, आणि त्यांचा अध्यक्ष तुमचा भाऊ. तुम्ही एक शब्द टाका. ऑस्ट्रेलियाचे बारा गुण आले, तर यंदा त्या गच्चीवर टिकलीसुद्धा वाजणार नाही."

प्राध्यापकांनी एक पास्तिझ्झी उचलली. तत्त्वाचा प्रश्न होता. तो त्यांनी खाता खाता सोडवला. भावाला फोन करणे म्हणजे वशिला. पण शास्त्रीय सल्ला देणे हा वशिला नव्हे.

"पोशाख कुठल्या रंगाचा?"

"हे काय विचारणं झालं? तांबडा."

"तिथेच चूक आहे. उजवी बाजू तांबडी शिवा, डावी निळी. म्हणजे दोन्हीकडची मतं एकाच ठिकाणी."

सालवू भिंतीला टेकले. "माझी नात? निळ्यात?"

"अर्ध्याच."

आतून पाउलीनाबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या वडिलांनी तांबडा टोमॅटोसुद्धा घरात येऊ दिला नव्हता. अर्धी तांबडी पोर बघून तुमचा भाऊ मत देईल?"

"बेरजेला भावना नसते," प्राध्यापक म्हणाले.

"नवऱ्यालाही नसते, पण मी अजून नांदतेय."

पोशाख तसाच शिवला गेला. शिवताना सालवूंच्या बायकोने निळी बाजू शेजारच्या गावातून शिवून आणली, कारण घरच्या यंत्रावर तो रंग चढवणे तिला जमेना. ग्रात्सिएला उत्तम गायली. युरोपभरातून गुण आले. प्राध्यापकांच्या मते ते किरकोळ अपवाद होते, सिद्धांताला धक्का नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या प्रेक्षकांनी माल्टाला काहीच दिले नाही.

सकाळी मेलबर्नहून भावाचा फोन आला. आवाज दुखावलेला.

"दादा, निळी बाजू पुढे करून आली तेव्हा आमच्या सभागृहात म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती वळली."

"मग?"

"मग आम्ही सगळ्यांनी फिनलंडला दिलं. झेंड्यावर निळा क्रूस आहे त्यांच्या."

"गाणं कसं होतं फिनलंडचं?"

"ते कोण ऐकतंय?"

"आणि तांबडे?"

"पलीकडच्या सभागृहात होते. त्यांनी स्वित्झर्लंडला दिलं. दादा, ही अर्ध्याची अक्कल कोणाची, माहितीये? दोन्ही मंडळं त्याला शोधताहेत."

प्राध्यापकांनी लाइन खराब असल्याचे सांगितले. लाइन स्वच्छ होती.

अक्कल कोणाची हे गावात कोणाला शोधावे लागले नाही. उत्सवाच्या सकाळी खिडकी उघडताच प्राध्यापकांना समोरच्या गच्चीवर सालवू दिसले, आणि त्यांच्या शेजारी, जे त्या जिन्याची पायरी आयुष्यात चढले नव्हते ते, गावच्या योसेफ मंडळाचे अध्यक्ष. दोघे मिळून एक जड पेटी कठड्याशी सरकवत होते. शंभर वर्षांत न झालेली ही युती पाहून क्षणभर प्राध्यापकांना इतिहासकाराचा आनंद झाला.

"प्रोफेसर," सालवू शांतपणे म्हणाले, "ऑस्ट्रेलियानं नाही दिले, पण आम्ही शेजारी आहोत ना. दोन्ही मंडळांचं एकमत झालंय. पूर्ण बारा, तुम्हाला."

पहिल्या धडाक्याला खिडकीची काच गेली. चौथ्याला पाउलीनाबाईंनी पास्तिझ्झींची ताटली टेबलाखाली सरकवली, आणि तिथे आधीच बसलेल्या नवऱ्याला विचारले, "ग्रंथाचं पहिलं वाक्य काय हो तुमचं?"

"शेजाऱ्यांचे मत," प्राध्यापक म्हणाले, आणि पाचवा होईपर्यंत थांबले, "गुणवत्तेवर अवलंबून नसते."

"हे मात्र गुणवत्तेवरच दिलंय," पाउलीनाबाई म्हणाल्या, आणि सहाव्यासाठी कानांवर हात ठेवले.