प्रदेश बघेल

"रविवार संध्याकाळपर्यंत बाहेरची खोली माझ्या ताब्यात आली नाही, तर नाव बदलीन!"

श्यामलानं शेजारच्या मंगलाबाईंना हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांचा तनय खोकत होता आणि खांद्यावर त्याची ओली दुपटी होती. नाव तिनं अजून बदललेलं नाही. निवांत बसून नवं नाव ठरवायचं, तर तेवढी जागा तरी घरात हवी ना!

तर ही बाहेरची खोली. नाशिक रोडला, स्टेशनच्या मागल्या अंगाला, तळमजल्यावर श्यामला आणि वेणीमाधवचा संसार होता. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, सगळं आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. खिडकी एकच, तीही बाहेरच्या खोलीला. घरात ऊन यायचं ते तेवढ्या वाटेनं. आतल्या खोलीच्या भिंतीला बारमाही ओल. थोरली वल्लरी त्या ओलीच्या डागांत हत्ती-घोडे शोधत झोपी जायची.

पक्ष फुटला तेव्हा मोठा गट दुसरीकडे गेला आणि जाताना जिल्हा कार्यालयाची जागाही घेऊन गेला. उरलेल्यांकडे उरलं काय? झेंडा, एक पत्र्याचं कपाट, चार सतरंज्या आणि जिल्हा सरचिटणीस वेणीमाधव! सातपूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर असलेला हा भला माणूस सगळं हातगाडीवर घालून घरी घेऊन आला.

"चार दिवसांचा प्रश्न आहे गं," तो म्हणाला आणि त्यानं दारावर पाटी ठोकली.

त्या चार दिवसांना तीन वर्षं झाली. स्टेशन जवळ, त्यामुळे गाडीतून उतरलेला कार्यकर्ता थेट सतरंजीवर! श्यामलानं विषय काढला, की वेणीमाधवचं उत्तर ठरलेलं. "प्रदेशाला कळवलंय. प्रदेश बघेल."

प्रदेश म्हणजे पक्षाची मुंबईतली राज्य शाखा. पण तो ते असं काही म्हणे, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुंबईत यांचा कुणी गडगंज मामा आहे. वल्लरीला तर खात्रीच होती. "आई, प्रदेशमामा आला की खाऊ आणेल?"

त्या डिसेंबरात तनयची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, पण पोराला ओलीत झोपवू नका. कोरडी, उन्हाची खोली बघा."

श्यामला घरी आली आणि तिनं बाहेरच्या खोलीचं दार लोटलं. खिडकीखाली उन्हाचा छान चौकोन पडला होता. त्यात देवळ्याचे दोन कार्यकर्ते तोंडावर टॉवेल घेऊन घोरत होते. माझ्या लेकराचं ऊन! ती तशीच आत वळली.

आणि त्याच आठवड्यात वार्ता आली की रविवारी खुद्द प्रदेशाध्यक्ष येताहेत! वेणीमाधव नव्या जावयासारखा घरभर फिरू लागला. "श्यामला, जरा नीट आवर हं सगळं."

"आवरते की!" श्यामला गोड हसली. इथेच त्याला संशय यायला हवा होता.

"पुरुषांना अडचण सांगून कळत नाही," मंगलाबाईंनी गुरुमंत्र दिला. "ती त्यांच्या डोक्यावर पडावी लागते. असं गबाळ कर, असं गबाळ कर, की साहेबाला लाज वाटून त्यानं उद्याच दुसरी जागा बघावी!"

रविवारी वेणीमाधव हार घेऊन स्टेशनवर गेला आणि श्यामलानं पदर खोचला. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर तनयची झाडून सारी लंगोटं वाळत घातली. मधोमध पाळणा. साहेबांसाठी एक पाय निखळलेली खुर्ची. जेवायला? पातळ खिचडी, तीही घरच्यापुरती!

साहेबांना घेऊन वेणीमाधव दारात आला. आत बघताच त्याचा चेहरा अनामत जप्त झालेल्या उमेदवारासारखा झाला.

साहेब वयस्क होते. गाडीत झोप न झालेले, काखेत स्वेटर. दोरीखालून वाकून जाताना एक ओलं लंगोट त्यांच्या टकलाला पुसून गेलं. मागचे वीस-पंचवीस कार्यकर्ते श्वास रोखून उभे. साहेब खुर्चीवर बसले. खुर्चीनं क्षणभर विचार केला आणि धाड! प्रदेशाध्यक्ष जमिनीवर!

कुणी हसेना. कुणी हलेना. मंगलाबाई दाराआडून आनंदानं श्यामलाला चिमटे काढत होत्या. आता संतापतील, आता उठतील, आता म्हणतील...

साहेब जमिनीवरूनच म्हणाले, "बरोबर आहे. कार्यकर्त्याची जागा जमिनीवरच!"

टाळ्या! सगळेच्या सगळे भराभर जमिनीवर बसले. एवढ्या गलक्यानं तनयनं भोकाड पसरलं.

"पोऱ्याना आवाज भलता खणखणीत शे, वहिनी!" सटाण्याचे झुंबरअण्णा कौतुकानं ओरडले आणि त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

खिचडी आली. सगळ्यांना घासभरसुद्धा पुरेना. "नेत्यानं काय खाल्लं ते कार्यकर्त्यानं खावं," म्हणत साहेबांनी आपलं ताट फिरवलं. जो तो त्यातला दाणा प्रसादासारखा कपाळाला लावून खाऊ लागला. गबाळेपणा दाखवायला गेली बिचारी श्यामला, आणि या लोकांना दिसत होता त्याग! ज्यांच्याकडे दुसरं काही उरलेलंच नाही, त्यांना त्याग लगेच दिसतो, हे तिनं आधी ओळखायला हवं होतं.

आता लाज सोडून बोलणं भाग होतं. ती पुढं झाली. "साहेब, बाळाची छाती भरलीय. आत ओल आहे. डॉक्टर म्हणालेत, त्याला या खोलीत ठेवायला हवं."

साहेबांनी पाळण्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझ्याही घरी असा पाळणा होता. मी दौऱ्यावर असायचो. त्याची दोरी एकदाही ओढली नाही मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. वेणीमाधव खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत होता. श्यामलाला वाटलं, पोचलं! या माणसापर्यंत पोचलं!

साहेब उभे राहिले. "हा पाळणा इथून हलता कामा नये!"

"नाही हलणार!" सगळे.

"आणि हे कार्यालयही इथून हलता कामा नये! आजपासून हे आपलं उत्तर महाराष्ट्र विभागीय कार्यालय! आणि हा आपला सर्वांत तरुण कार्यकर्ता!"

घोषणांनी दोरीवरची लंगोटं हलली. दाराआड मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला.

तरी निम्मी लढाई जिंकलीच म्हणायची. पाळणा खिडकीशी आला. ऊन थेट तनयच्या छातीवर. आला-गेला कार्यकर्ता बोलता बोलता एक झोका देऊन जाई. पोराचा खोकला हटू लागला. "प्रदेशमामानं खाऊ नाही आणला," वल्लरी कुरकुरली, तेव्हा श्यामला म्हणाली, "ऊन दिलं ना, बाळा."

जानेवारीत टेम्पो आला. "प्रदेशानं पाठवलंय!" वेणीमाधव धावला. उतरली ती विभागीय कार्यालयाची पत्र्याची पाटी. मोठ्ठी! सगळ्या जिल्ह्यांची नावं, वर चिन्ह, खाली घोषणा. दारावर मावेना. भिंतीचा गिलावा खिळा धरेना. मावली ती एकाच जागी, खिडकीच्या गजांवर, तारेनं आवळून.

खोलीत संध्याकाळ झाली. भर सकाळी! वेणीमाधव आत आला, त्यानं अंधारातल्या पाळण्याकडे पाहिलं.

"तात्पुरतं आहे," तो म्हणाला. "प्रदेशाला कळव..." पुढचं त्याच्यानं बोलवलं नाही. पक्कड शोधतो म्हणून तो आत गेला. पक्कड त्याला अजून सापडलेली नाही.

हल्ली रोज सकाळी श्यामला तनयला दुपट्यात गुंडाळून बाहेरच्या पायरीवर बसते. वर ती पाटी, खाली हे दोघं. ऊन सरकेल तसं तीही सरकते. स्टेशनकडून पिशव्या घेतलेला कुणीतरी येतो, पाटी वाचतो, खात्री करून घेतो.

"वहिनी, कार्यालय हेच का?"

"हो, आत आहे," श्यामला तनयची छाती उन्हाकडे करते. "आम्ही बाहेर राहतो."