सासऱ्यांना मताधिकार

फायनान्सची ती मोठी परीक्षा अवघड आहे म्हणणाऱ्यांची मला कीव येते! दहा विषय, दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि चारही सख्ख्या भावांसारखे. एवढंच ना? तीनदा नापास झालेल्या माणसाला कशाला घाबरवता! चौथ्या वेळी मी ती डाव्या हाताने काढणार होतो.

काढणं भागच होतं म्हणा. आमचे साहेब निवृत्त होणार होते आणि जिला मी कॅल्क्युलेटरची बटणं दाखवली, ती ऑफिसातली मुलगी पहिल्या फटक्यात पास झाली होती. मी लटकलो, तर ती माझी साहेब!

म्हणून मी एक नामी युक्ती काढली. व्याख्या डोक्यात बसत नाहीत ना? मग माणसं बसवायची! मी फोनमध्ये माझ्याच आवाजात सगळं रेकॉर्ड केलं. बायको म्हणजे साधा शेअर, मताचा पूर्ण हक्क तिला. आमच्याकडे राहणारे सासरे म्हणजे प्रेफरन्स शेअर. लाभांश सगळ्यांच्या आधी, पण मताचा हक्क नाही. आणि साहेब म्हणजे गुडविल. कागदावर मोठी किंमत, हाताला काही लागत नाही.

काय पाठ झालं म्हणून सांगू! दाढी करताना ऐकायचो, भांडी घासताना ऐकायचो.

मग तो रविवार उजाडला. अभ्यासासाठी तीन दिवसांची रजा हवी होती आणि साहेब अर्जावर सही करेनात. बायको म्हणाली, "घरी चहाला बोलव. भरल्या पोटी माणूस सही करतो." ती दातांची डॉक्टर आहे. माणसाने तोंड कधी उघडावं, हे तिला बरोबर कळतं.

साहेब आले. बाहेर चहा-बिस्किटं सुरू झाली. मी म्हटलं, आपण जरा तोंड धुऊन येऊ, तेवढीच एक उजळणी. बाथरूममध्ये नळ सोडला आणि इअरफोन कानात घट्ट घातले. आवाज येईना! वाढवला. तरी येईना! पार टोकापर्यंत नेला. शेवटी इअरफोन झटकले, शिव्या घातल्या आणि बाहेर आलो.

बाहेर मी बोलत होतो. म्हणजे माझा आवाज! सासऱ्यांना कमी ऐकू येतं, म्हणून बायकोने बातम्यांसाठी एक दणदणीत स्पीकर आणला होता. माझा फोन इअरफोनला सोडून थेट त्याला जाऊन चिकटला होता.

"...साहेब म्हणजे गुडविल," स्पीकर गरजला. "दरवर्षी तपासा आणि किंमत कमी करा!"

साहेबांनी बिस्किट बशीत ठेवलं.

"साहेब, ती व्याख्या आहे," मी म्हटलं.

"समजली. सोपी आहे." त्यांनी पेन खिशाला लावलं. "पण जो हाताला लागत नाही, त्याची सही तुम्हाला कशी लागणार?"

ते गेले. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. तोच कोपऱ्यातून सासरे उठले. एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही, पण हे मात्र शब्दन्‌शब्द ऐकलं होतं!

"जावईबापू, मला मत नाही?"

"बाबा, तुम्हाला नाही. प्रेफरन्स शेअरला!"

"तो मीच की! आत्ता तुम्हीच म्हणालात."

त्यांनी जेवणावर बहिष्कार टाकला. आधी वाढलं की ताट मागे सरकवायचे. "लाभांश नको, मत हवं!" दोन दिवस घरात पुस्तक उघडायची सोय उरली नाही. बायको म्हणाली, "देऊन टाक ना मत! तुझ्या बापाचं काय जातं?"

दिलं! "सासऱ्यांना आजपासून मताचा पूर्ण हक्क आहे," असं मी सहीनिशी लिहून फ्रिजवर लावलं. पुढचे तीन आठवडे घरात दुसरं काही झालंच नाही. बातम्यांचा आवाज वाढवावा का? मतदान. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्यांचा कॅरमबोर्ड ठेवावा का? मतदान! बाप-लेक एका बाजूला, मी दुसऱ्या. पाणी प्यायला गेलं की फ्रिजवर तो कागद.

रजेविनाच परीक्षेला बसलो. आणि शपथेवर सांगतो, धडाधड सोडवत गेलो! प्रेफरन्स शेअरच्या प्रश्नाला तर मी हसलोच. हा तर घरचा! डोळ्यांसमोर फ्रिज आला आणि हाताने खूण केली, 'मताचा पूर्ण हक्क असतो.'

एका गुणाने गेलो.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? ती मुलगी आता माझी साहेब आहे. पण हरेल तो मी कसला! पाचव्या परीक्षेसाठी रजेचा अर्ज नेला, तर तिने उभ्या उभ्या सही केली. जुन्या साहेबांनी जाताना तिला सगळं सांगितलं असणार, कारण वर म्हणाली, "सर, या वेळी घरच्यांना मध्ये आणू नका."

घरी येऊन मी छाती पुढे काढून सांगितलं, "मी पुन्हा बसणार!"

"मतदान!" बायको म्हणाली आणि तिने विरोधात हात वर केला. मी बाजूने केला. दोघांनीही कोपऱ्याकडे पाहिलं.

सासऱ्यांनी बातम्यांचा आवाज बंद केला. आणि माझ्याकडे बघून हात वर केला.

"बसा, जावईबापू. मी आहे तुमच्या बाजूने."

दोन विरुद्ध एक! फॉर्म मी त्याच दिवशी भरून टाकला. आता अभ्यास जोरात चालू आहे. एवढंच, की घरात पहिल्यांदाच निर्णय माझ्या बाजूने लागला, आणि पुस्तकाच्या पान दोनशे बारानुसार प्रेफरन्स शेअरचं मत धरताच येत नाही!