ढालोबाने बंद केलेली भट्टी

एका जंगलात, बाळांनो, एक अणुभट्टी होती. नाकं मुरडू नका! तुम्हाला गोष्टीत बोलका पोपट चालतो, मग अणुभट्टी का नको? होती लहानशीच, पाण्याच्या हौदात बसवलेली. आंब्यात अळ्या का होतात हे शोधायला सिंहमहाराजांच्या आजोबांनी ती बांधली होती. आंबे माकडांनी खाल्ले, शोध तिथेच राहिला आणि भट्टी म्हातारी झाली.

ती बंद करायचं काम ढालोबा कासवाकडे आलं. पाठ जाड, चाल सावकाश आणि हात लावीन ते नीटच करीन असा स्वभाव. काम संपलं की नदीकाठी बायकोकडे कायमचं जायचं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

अकरा वर्षं तो राबला. आधी इंधन काढून शिशाच्या पेटीत घातलं. मग हौदाचं पाणी गाळलं, भिंती खरवडून पाडल्या. आत नेलेला झाडूसुद्धा कचरा म्हणून मोजून पिंपात बंद केला. शेवटी उरलं स्वच्छ मैदान. ससे तिथे बिनघोर लोळू लागले.

आता फक्त महाराजांचा शिक्का हवा होता. त्याशिवाय ढालोबाची सुटका नव्हती.

"शिक्का मिळेल की," प्रधान कोल्हीणबाई म्हणाल्या, "पण समारंभात. आणि बंद करायच्या समारंभाला महाराज येत नाहीत, अशुभ असतं ते. त्यांना उद्घाटन लागतं."

"अहो बाई, उद्घाटन कशाचं करू? तिथे काहीच नाही!"

"ते तुम्ही बघा. फीत हवी, नारळ हवा आणि दाबायला बटण हवं. बटण नसलं की महाराज रुसतात."

ढालोबाच्या डोळ्यांसमोर नदी होती. त्याने मुकाट्याने मैदानात खांब रोवला, वर एक दिवा टांगला, खाली बटण बसवलं.

महाराज आले. फीत कापली, नारळ फोडला, बटण दाबलं. दिवा लागला!

"सुरू झाली, सुरू झाली!" माकडं ओरडली.

"काय सुरू झाली?" महाराजांनी हळूच विचारलं.

"भट्टी, महाराज. आपल्या शुभहस्ते," कोल्हीणबाई म्हणाल्या.

महाराजांना अगदी भरून आलं. त्यांनी तिथेच शिक्का मारला, 'भट्टी सुरू' म्हणून. वर ढालोबाला तिचा संचालक नेमलं.

"महाराज, भट्टी नाही हो ती, साधा दिवा आहे!" ढालोबा कळवळून म्हणाला.

"बघा, किती विनम्र!" महाराज म्हणाले.

सशांना हाकललं, कुंपण घातलं. एका दिव्याला चाळीस पहारेकरी बसले. दरवर्षी अहवाल निघे: अपघात शून्य.

आणि एका सकाळी दिवा फट्‌दिशी उडाला. ढालोबा नाचला! कासव नाचताना तुम्ही पाहिलं नसेल. मीही नाही. पण तो नाचला, आणि बायकोला निरोप धाडला, "निघालोच!"

दुपारी हुकूम आला. 'भट्टी जुनी झाली आहे. नियमाप्रमाणे बंद करावी. मुदत अकरा वर्षं. अनुभव पाहता काम ढालोबांकडे.'

"अकरा वर्षं? अहो, दिवा उतरवायला एक शिडी पुरते!"

"असं काय करता?" कोल्हीणबाई म्हणाल्या. "तुम्हा कासवांना आयुष्य केवढं! घाई काय आहे?"

ढालोबाने नवा झाडू मागवला.

तात्पर्य: हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, हे अगदी खरं, बाळांनो. फक्त तडीस नेल्यावर राजाला बोलावू नये.