अभयपंजा पुसिला त्याचे वर्तमान

श्री. दारास कडी, दिव्यास वात, रयतेस राजा असावा. तिहींचे क्षेम चिंतून लिहिले ऐसे जे, शके सोळाशे त्र्याण्णव, वैशाख मासी, एका राज्यात थोरल्या महाराजांचे अभय होते की, ज्या दारी हळदीचा पंजा तेथे शिपायाने विचारल्याविना पाऊल घालू नये आणि गुन्हा न सांगता कोणास तिसऱ्या सांजेपुढे कोंडू नये. मग धाकट्या महाराजांची पगडी स्वारीत नाकावर उतरली आणि बहिरजी कासार हसला, तो चावडीत कोंडिला. हसण्याचा गुन्हा कोणता, ते दिवाणजींस सापडेना, म्हणून त्यांनी दवंडी पिटविली, "अभय मोडावे वाटे त्याने पंजा पुसावा. तिसरे सकाळी मोजणी. निम्म्याहून अधिक पुसले तर अभय मोडिले."

बहिरजीची बायको चिमाई बांगड्या भरावयास घरोघर जाई. तिने एकेक हात हाती घेऊन विनविले. सोनारीण म्हणे, "अभय चांगलंच गं, पण त्या शिंपिणीला कशाला?" आणि शिंपीण म्हणे, "आधी सोनारणीचं मोडा, फार तोरा तिला!" आणि कोणाच्या दारचा पुसावा हे दवंडीत सांगावयाचे राहिले होते, मग ज्याने त्याने ओले फडके घेऊन शेजाऱ्याचा पंजा पुसिला. चिमाई मात्र घरी येऊन आपल्या दारास पाठ लावून बसली. तिसरे सकाळी दिवाणजी पाहतात तो गावात पंजा एकच, तिचा.

दिवाणजी संतोषले. "चिमाई, रयतेनं कौल दिला. नवऱ्याची वाट आता पाहू नकोस." ती दारास लाविलेली पाठ न काढिता म्हणाली, "कौल झाला तर अंमल कशाला खोळंबवता, सरकार? शिपाई बिचारे उन्हात उभे आहेत." ते दिवाणजींस पटले. मग शिपाई घरोघर शिरले आणि झोपाळ्यांवर बसले आणि ओल्या हातांनी लोणच्याच्या बरण्या उघडिल्या. एकच आकांत झाला! "अहो, आम्ही शेजारचा पुसला, आमचा नव्हे!" आणि घटकाभरात गावची हळद सरली, दारी, चुलीवर, म्हशीच्या कपाळी पंजे उठले. दिवाणजी घाबरून घरी धावले, तो आपल्याच दारी ओला पंजा, आणि आतून पत्नी विचारत्या झाल्या, "कोण आहे? काय काम? आधी सांगा!"

मग फेरमोजणी झाली. पंजे घरांहून अधिक भरले. तिसरी सांज होता होता बहिरजी सुटला. चिमाईने हळदीच्या हाताने त्यास धपाटा घातला, "पुन्हा हसाल?" आणि हात काढिलाच नाही. अंगरख्यावर पिवळा पंजा उमटला आणि वाटेतले शिपाई आपणहून बाजूस सरले.

येणेप्रमाणे अभय राहिले. पगडी अद्याप सैल आहे.