मुकादमाला द्यायचं की ठेवायचं

माणिकरावांनी बेसबॉलचा चेंडू आयुष्यात कधी हातात घेतला नाही. तरी अमेरिकेतल्या एका संघाने आपला सगळ्यात जोरात चेंडू फेकणारा गडी दुसऱ्या संघाला देऊन टाकला, तेव्हा त्यांनी दोन दिवस दाढी केली नव्हती. केळी न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला वाटलं, घरात काही वाईट झालं. त्याने हळूच विचारलं, "कोण गेलं, मामा?"

"गोफण्या गेला," माणिकराव म्हणाले.

व्यापाऱ्याने पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

गोफण्या हे नाव माणिकरावांनीच ठेवलेलं. पाखरं हाकलताना गोफण फिरवावी तसा त्या खेळाडूचा हात फिरायचा. खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून बोटांच्या खुणांनी सगळा संघ हलवणारा एक पोक्त गडी होता, त्याचं नाव मुकादम. केळी काढायला येणाऱ्या टोळीचा मुकादम असाच बांधावर उकिडवा बसतो, म्हणून. आणि संघाचं नाव नुसतं 'आपली टीम'.

अर्धापुरात आमच्या दोघांच्या अंगणात कमरेएवढी एकच भिंत. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला, ते केळीवाले. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता मुलगा बालाजी, माझाच विद्यार्थी, अमेरिकेत नोकरीला. 'आपली टीम' त्याच्या गावची. भल्या पहाटे उठून माणिकराव मोबाइल तांब्याला टेकवून सामना बघत. त्याला ते 'अभ्यास' म्हणत. मी एकदा विचारलं, "सगळं कळतं का हो?" तर म्हणाले, "सर, निम्मं कळतंय. निम्म्यावर भांडता येतं."

भांडायची जागा म्हणजे बसस्टँडसमोरचं शेखभाईंचं हॉटेल. कोपऱ्यातल्या टेबलावर चहाचे चार ग्लास चौकोनात मांडून माणिकराव मैदान तयार करत. त्या वर्षीचा वाद एकच होता. मुकादमाला दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात दोन कोवळी पोरं घ्यावीत, की त्याला ठेवावं?

"टीम म्हंजे केळीची बाग हाय," माणिकराव सांगत. "झाडानं घड दिला, त्याचं काम संपलं. तोडायचं. बुडाचं पिल्लू धरायचं, फुडल्या साली त्याला घड. मुकादमानं घड दिला. आता द्या सोडून."

"अरे पण मामा, खिलाडी को पूछते नहीं क्या?" शेखभाई गल्ल्यावरून विचारत.

"पाडव्याला सालगडी बदलतेत, तसंच की हे."

"सालगडी को भी पूछते, मामा! उस का मन नहीं लगा तो दूसरे दिन भाग जाता." सगळं हॉटेल हसायचं. "और वो गिलास वापस करो. गिऱ्हाईक खडे हैं."

माणिकराव नाइलाजाने मैदान मोडत. घरी येताना मात्र वाटेत थांबून पुटपुटत, "सालगड्यालाबी इचारतेत... मुद्दा लई पक्का हाय." शत्रूचा मुद्दा असा जपून घरी नेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. मी अंगणात पुस्तक घेऊन बसायचो आणि भिंतीपलीकडचं बोलणं आपोआप कानावर पडायचं. रविवारी सकाळी सात वाजता बालाजीचा फोन येई. माणिकरावांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते आवाज मोठा करून ठेवत. असाच एक रविवार होता.

"आबा, मी विचार केला," बालाजी म्हणाला. "तुमचंच बरोबर आहे. मुकादमाला देऊन टाकायला पाहिजे."

मला वाटलं, माणिकराव आता पेढे वाटतील. महिनाभर ते हेच सांगत होते.

"न्हाई!" माणिकराव कडाडले. "कोण म्हणलं द्या म्हणून?"

"तुम्हीच म्हणलात की, मागच्या रविवारी!"

"मागचा रविवार गेला. अरे, त्या मान्साला कुणी इचारलं का? सालगड्यालाबी इचारतेत! आन् केळीचं म्हणशील, तर घड काढल्याबरुबर खोड बुडातून कापत न्हाईत बाबा. उभं ठेवतेत. त्याच्यातलं पाणी पिल्लाला उतरत असतंय. घाई केली तर पिल्लू रोडावतंय. तुला माहीत न्हाई का? बागाईतदाराचा पोरगा ना तू?"

बालाजीही इरेला पेटला. अर्धा तास दोघं भांडले. फोन संपला तेव्हा माणिकरावांचा चेहरा इतका खुलला होता की मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हणालो, "माणिकराव, हा काय प्रकार? काल हॉटेलात तर तुम्ही मुकादमाला गाडीत बसवून पाठवत होतात."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. मग जरा ओशाळून म्हणाले, "सर, तुमच्यापाशी काय लपवायचं? दुसरं काय बोलू त्याच्याशी? जेवलास का, तर जेवलो. तब्येत कशी, तर बरी. पाऊस हाय का, तर हाय. दीड मिनिटात मिटलं. पोरगं काई वाईट न्हाई, पर त्यालाबी सुचत न्हाई, मलाबी सुचत न्हाई. हाव म्हणलं की फोन ठेवतंय. न्हाई म्हणलं की खुर्ची ओढून बसतंय. फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज येतो मला. तो आला की समजायचं, अर्धा तास मिळाला."

मग हळूच म्हणाले, "ह्यातलं हॉटेलात बोलू नका. शेखभाई मुद्दे द्यायचा बंद होईल."

मी बोललो नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

माणिकराव या पावसाळ्यात गेले. पहाटे सामना लावला होता. तांब्याला टेकवलेला मोबाइल तसाच चालू होता. बालाजी आला, तेराव्यापर्यंत राहिला. जाताना माझ्या पाया पडला, काहीतरी बोलायचं होतं, पण जमलं नाही. मलाही जमलं नाही. शेखभाईंनी चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि किती तरी दिवस कोपऱ्यातल्या त्या टेबलावर चार ग्लास एकत्र ठेवले नाहीत.

गेल्या रविवारी मी अंगणात बसलो होतो. सात वाजले. भिंतीपलीकडे शांत होतं. आणि माझाच फोन वाजला.

"सर, मी बालाजी."

"बोल. जेवलास का?"

"जेवलो."

"तब्येत?"

"बरी आहे." दीड मिनिटात मिटलं. मला वाटलं, आता फोन ठेवतो. तेवढ्यात तो म्हणाला, "सर, मुकादमाला दिलं त्यांनी. काल. दोन नवी पोरं आली बदल्यात. चांगलंच केलं ना?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं. चाळीस वर्षं मुलांना बरोबर उत्तर द्यायला शिकवलेला माणूस मी. घसा साफ केला.

"न्हाई," मी म्हणालो. "साफ चूक केली."

"कशी काय, सर?"

"अरे, घड काढल्याबरोबर खोड बुडातून कापत असतात का? बागाईतदाराचा पोरगा ना तू?"

मी फोन कानाशी घट्ट धरून बसलो. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.